तटाबाहेरचा हिरवा बाण

४ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून दैनंदिनी लिहायची. एखादं मोठं काम उभं राहिलं की ते सुरू कसं झालं याची लोक मागाहून चौकशी करतात, आणि तेव्हा कुणालाच काही धड आठवत नसतं. माझ्या बाबतीत तसं होऊ नये.

काल मेहुणा जेवायला आला होता. तटाच्या मोठ्या दरवाजाशी त्याचं पर्यटकांसाठीचं दुकान आहे. पितळी तोफा, मागे लोहचुंबक लावलेले बुरूज, आत दिवा लागणारे मनोरे असला माल. या शहरात येणारा प्रत्येक माणूस तटाच्या आत शिरतो, त्याच त्या जुन्या गल्ल्या आणि तोच तो घंटेचा मनोरा बघतो, मेहुण्याकडून एक बुरूज विकत घेतो आणि आपल्या घरी जातो. तटाबाहेरही गाव आहे, तिथेही माणसं राहतात, हे त्याला कुणी सांगतच नाही. आम्ही तटाबाहेरचे.

पहिला घास घेऊन मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तुमच्यासाठी काम आणलंय." काम असं, की त्याच्या दुकानाच्या दारात पत्र्याचं चिलखत घालून, डोक्यावर पत्र्याचं शिरस्त्राण ठेवून, हातात भाला घेऊन उभं राहायचं. लोक शेजारी उभे राहून फोटो काढणार. हलायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं नाही. त्यातलं शेवटचं तुम्हाला आधीपासूनच येतं, असंही तो म्हणाला.

मी पाट्या रंगवणारा पेंटर. कुणा गुरूकडे नाही, कुठल्या शाळेत नाही, स्वतःच्या डोळ्याने आणि हाताने शिकलो. तटाबाहेरच्या बाजारात हाताने रंगवलेली जी जी पाटी आहे ती माझी आहे. हल्ली सगळे छापील फ्लेक्स लावतात, त्यामुळे माझ्या दुकानात सध्या... खरं लिहायचं ठरवलंय तर लिहितो. माझ्या दुकानात सध्या हिचे शिवणाचे गठ्ठे असतात. ही म्हणजे माझी बायको. ती पुढच्या खोलीत बसून कपडे दुरुस्त करते. चेन बदलणे, पँट आखूड करणे, पोट सुटलेल्यांचे सदरे उसवून देणे. घर त्या मशीनवर चाललंय. पण म्हणून मी पत्र्यात शिरायचं?

मी सांगितलं, मला वेळ नाही, मी स्वतःच पर्यटकांना शहर दाखवणार आहे. आतलं नव्हे, बाहेरचं. हे मी बोलेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

मेहुणा इतका हसला की हिने त्याला पाणी दिलं. मग म्हणाला, जानेवारी संपेपर्यंत फिरवा, नाही जमलं तर फेब्रुवारीत चिलखत. मी म्हटलं, ठरलं.  ही माझ्या खांद्यांकडे माप घेतल्यासारखं बघत राहिली.

६ नोव्हेंबर, बुधवार

मार्ग पक्का केला. टप्पे चार. पाण्याची टाकी, न्हाव्याचं दुकान, बेकरी आणि शेवटी हिरवा बाण. चारही ठिकाणी अक्षरं माझी आहेत, त्यामुळे माहिती खात्रीची आहे.

हिरवा बाण हे माझं सर्वोत्तम काम. आमची गल्ली जिथे संपते आणि वाट दोन्हीकडे फुटते, तिथे समोरच्या भिंतीवर तो आहे. वर 'धुलाई व इस्त्री' आणि खाली बाण. हिरवा एनॅमल, कडेने पांढरी रेघ, टोकाच्या दोन्ही बाजू अगदी जुळ्या बहिणींसारख्या. इतकी वर्षं ऊन खाऊन रंग तसूभर उडालेला नाही. काम सुरू करायच्या आधी लॉन्ड्रीवाल्या बाई भिंतीला पाठ लावून, दोन्ही हातांत चादरींचा ढीग घेऊन माझ्यासमोर उभ्या होत्या. मी विचारलं, बाण कुठे काढू? त्या म्हणाल्या, "डावीकडे." मी पुन्हा विचारलं. त्या पुन्हा म्हणाल्या, "डावीकडे हो, डावीकडे." ग्राहकाचा शब्द पक्का केल्याशिवाय मी ब्रश बुडवत नाही. आजकाल ही शिस्त कुठे राहिलीय?

रात्रीच्या जेवणाला हिने विचारलं, "टाकीवर चढून बसलेल्या नवरदेवाचं सांगणार का?" मी तिला समजावलं की इतिहास वेगळा आणि चहाड्या वेगळ्या. टाकीवरच्या अक्षरांना तीन हात दिलेले आहेत, खाली अस्तर, मग पांढरा, मग निळा. लोकांना ते कळलं पाहिजे. ही "बरं" म्हणाली आणि वाढायला लागली.

१० नोव्हेंबर, रविवार

पहिली फेरी. तटाच्या दरवाजाबाहेर स्वतः रंगवलेली पाटी धरून उभा राहिलो. 'तटाबाहेरचं खरं शहर. चालत. माहितीसह.' काम करताना हात टेकायची माझी जुनी काठी वर धरली, म्हणजे गर्दीत मी दिसेन.

गर्दी दोघांची होती. एक गृहस्थ आणि एक बाई. बाईंना टाकीखालचा बाक फार आवडला. मी अस्तराविषयी सांगायला लागलो तसे त्यांनी डोळे मिटून घेतले. एकाग्रता असावी. आम्ही पुढे निघालो तरी त्यांची एकाग्रता मोडली नाही, म्हणून तिथेच राहू दिलं. गृहस्थ मात्र न्हाव्याच्या दुकानापर्यंत आले आणि मग त्यांना कळलं की ते दुसऱ्याच एका ताफ्यातून चुकून माझ्या मागे लागले आहेत. ते पळाले. दोन टप्पे मी रिकाम्या रस्त्याला सांगितले, कारण एकदा मार्ग ठरला की ठरला.

घरी हिने विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, श्रोते मोजकेच होते.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज चौघं आले. बेकरीपाशी मागे वळून बघतो तर एकच उरलेला. बाकीच्या तिघांना शोधायला परत गेलो तेव्हा ते आमच्या घरी सापडले. एकाचा खिसा फाटला होता, तो शिवून घ्यायला आत शिरला, त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे तिसरा. तिघं चहा पीत बसले होते आणि ही दातांत टाचणी धरून काहीतरी सांगत होती. मी दारात आलो तशी गप्प झाली. तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच मध्ये शिरलोय.

दोष लगेच ध्यानात आला. माझ्या फेरीला शेपूट नाही. पुढे कुणीतरी असतं तसं मागेही कुणीतरी पाहिजे, नाहीतर माणसं गळतात. हिला सांगितलं, पुढच्या रविवारपासून छत्री घेऊन तू मागे चालायचं. काम एवढंच, कुणी मागे राहता कामा नये. बोलायची गरज नाही.

ती म्हणाली, "मला काय बोलायचंय?"

२० नोव्हेंबर, बुधवार

दुपारी ही बाजारात गेली होती तेव्हा आरशासमोर झाडू उभा धरून थांबून पाहिलं. न हलता. फक्त पाहिलं. नाक खाजतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

शेपटाची व्यवस्था लागू. एकही माणूस गळाला नाही. निर्णय योग्य.

एक त्रुटी आहे. सगळे हळूहळू मागे सरकतात. टाकीपाशी सगळे माझ्याभोवती होते, न्हाव्यापाशी निम्मे हिच्याजवळ, आणि बाणापर्यंत माझ्याजवळ फक्त एक कुत्रा होता, तोही रोजचा. लोकांच्या पायांत हल्ली दम राहिलेला नाही. हिला म्हटलं, तुला मागच्यांना पुढे ढकलता येत नाही का? ती म्हणाली, "ढकलते की. येतच नाहीत."

बाणाजवळ मी रेघेविषयी सांगितलं. ही रेघ मी एका श्वासात मारलेली आहे, असं म्हणताच मागच्या बाजूला जोरात हशा पिकला. हशाचं कारण कळलं नाही. पण लोकांना काम आवडलं हे कळलं.

१ डिसेंबर, रविवार

आज खरोखरची गर्दी. एक निळ्या टोपीच्या आजी दुसऱ्यांदा आल्या. तटाच्या आत राहतात म्हणे, जन्म गेला पण बाहेर कधी आल्या नव्हत्या. दुसऱ्यांदा येणारा श्रोता म्हणजे विषयाची गोडी लागलेला श्रोता. मी त्यांच्यासाठी एनॅमल आणि ऑइल पेंट यांतला फरक मुद्दाम खोलात जाऊन सांगितला.

लोक प्रश्नही विचारतात. टाकीपाशी एकाने विचारलं, "तो शेवटी उतरला कसा?" मी म्हटलं, तो म्हणजे कोण? निळा रंग? निळा कधीच उतरलेला नाही, मी तीन हात दिलेत. त्याने मान डोलावली आणि मागे जाऊन हिच्या कानाशी लागला. बेकरीपाशी दुसऱ्याने विचारलं, "मोठ्या भावाला धाकट्याने ते सांगितलंच नाही?" बेकरीच्या पाटीवर दोन्ही भावांची नावं एकाच उंचीची आहेत, ती मीच तशी घेतली, म्हणून मी त्याला उंचीचं गणित समजावलं. तो फार भारावलेला दिसला. डोळ्यांत पाणी होतं.

परतताना हिचा आवाज ऐकू आला. "त्याचं पुढचं पुढच्या रविवारी." कुणाची तरी पँट राहिली असावी. हिला कितीदा सांगितलं, फेरीत धंदा आणू नकोस.

८ डिसेंबर, रविवार

विचित्र प्रकार. बाणापाशी माहिती संपली तसा एक तरुण पर्यटक खिशातून मळका रुमाल काढून, बाणाने दाखवलेल्या दिशेला, म्हणजे डावीकडे गेला. डावीकडे चष्म्याचं दुकान आहे. आत जाऊन त्याने चष्मेवाल्याच्या पुढ्यात रुमाल ठेवला आणि विचारलं, "कधी मिळेल?" बाहेर उभे असलेले सगळे भिंतीला धरून हसत होते. मग दुसऱ्याने मोजे दिले.

संध्याकाळी चष्मेवाला माझ्या दारात. "पेंटर, तुझ्या लोकांना सांग, माझ्याकडे कपडे आणू नका. आधीच गाव आणतंय इतकी वर्षं." मी म्हटलं, बाहेरगावची माणसं आहेत, त्यांना चष्मे आणि चादरी यांतलं कळत नाही, त्याला मी काय करणार? तो मला काहीतरी बोलणार होता. पण पुढच्या खोलीतून ही खोकली आणि तो तिच्याकडे बघून गप्प बसला. जाताना तिला म्हणाला, "वहिनी, तुम्ही तरी." ती मान खाली घालून काज करत होती. खांदे हलत होते. काज करताना खांदे हलत नाहीत.

११ डिसेंबर, बुधवार

आज चष्मेवाला रुमाल-मोज्यांचं गाठोडं घेऊन वाटेच्या पलीकडच्या बाजूला, लॉन्ड्रीत जाताना दिसला. त्याच्यात आणि लॉन्ड्रीवाल्या बाईंच्यात बोलणं नाही, असं ही कधीतरी म्हणाली होती. हिची माहिती चुकीची आहे. चांगलं बोलणं आहे. टाकीपर्यंत ऐकू येत होतं.

१५ डिसेंबर, रविवार

मेहुणा हेरगिरीला आला. काळा चष्मा लावून, म्हणजे मी ओळखू नये. मी ओळखल्याचं दाखवलं नाही. टाकीपाशी तो माझ्याजवळ जांभया देत होता. न्हाव्यापाशी तो दिसेना. बाणापाशी पाहिलं तर काळा चष्मा कपाळावर, आणि तो आपल्या बहिणीच्या अगदी शेजारी, तोंड उघडं टाकून ऐकतोय. मी रंगाची मिश्रणं सांगत होतो. ती इतक्या लांबून त्याला ऐकू येत होती याचा अर्थ माझा आवाज आता तयार झालाय.

शेवटी माझ्याकडे येऊन म्हणाला, "भाऊजी, चालतंय हो तुमचं." मी म्हटलं, अभ्यास लागतो. तो म्हणाला, "ताई म्हणते त्या टाकीवरच्या माणसाला आमच्या वडिलांनी उतरवलं. मला घरात कुणी बोललं नाही कधी." टाकीवर कुठलाही माणूस नाही. मी जवळून पाहिलीय.

५ जानेवारी, रविवार

मोठी बातमी. पर्यटन कार्यालयातल्या मॅडम पुढच्या रविवारी फेरीला येणार. पसंत पडली तर तटाच्या दरवाजाशी जो शहराचा मोठा नकाशा लावतात त्यात आमची वाट दाखवली जाईल. आजपर्यंत त्या नकाशात तटाच्या बाहेर नुसता करडा रंग आहे. मी ज्या घरात राहतो, तिथेही करडा. नकाशात आलो म्हणजे चिलखताचा प्रश्न कायमचा मिटला.

मेहुण्याला निरोप पाठवला. त्याने उलट निरोप पाठवला की चिलखत तयार होऊन आलंय, शिरस्त्राण जरा मोठं झालंय, आत टॉवेल कोंबता येईल.

११ जानेवारी, शनिवार

खूप विचार केला. फेरीत एकच कच्चा दुवा आहे. मागच्या बाजूची गडबड. मॅडमसमोर मागून हशा आला तर शोभणार नाही. हिला सांगितलं, उद्या तू घरी थांब, शेपटाचं काम उद्यापुरतं बंद. तिने मशीन थांबवलं. माझ्याकडे पाहिलं.

"नक्की?"

मी म्हटलं, नक्की. ती "बरं" म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. आज ते जरा जास्तच जोरात चालत होतं.

१२ जानेवारी, रविवार

लिहायला हात उठत नाही, पण लिहितो.

इतकी माणसं कधीच आली नव्हती. सगळे दरवाजाशी जमले आणि सगळे माझ्या पाठीमागे बघत होते. टाकीपाशी मी अस्तर सांगायला घेतलं. ते मागे बघत होते. न्हाव्यापाशी मी कात्रीच्या चित्राविषयी सांगितलं. ते मागे बघत होते. शेवटी मीही मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

निळ्या टोपीच्या आजींनी विचारलं, "त्या कुठे आहेत?" मी म्हटलं, कोण त्या? "छत्रीवाल्या." मी म्हटलं, त्या व्यवस्थेतल्या आहेत, आज सुट्टीवर आहेत. असा एक आवाज झाला, जसा अख्खा जमाव एकदम खाली बसल्यावर होतो. बेकरी येईपर्यंत निम्मे निघून गेले.

बाणापाशी मॅडमनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "ते चष्मेवाल्यांचं आणि लॉन्ड्रीवाल्यांचं प्रकरण इथलंच ना? त्यासाठी आलेय मी." मी म्हटलं, इथे तसलं काही प्रकरण नाही, इथे एनॅमल आहे. तेव्हा आजी पुढे आल्या आणि माझ्या भिंतीसमोर, माझ्या बाणाखाली उभं राहून त्यांनी सांगितलं. लॉन्ड्री उजवीकडे आहे आणि बाण डावीकडे आहे. त्यामुळे इतकी वर्षं मळके कपडे चष्मेवाल्याच्या दुकानात येतात. त्याला वाटतं बाईंनी मुद्दाम त्याच्या दुकानाकडे बाण काढवून घेतला, त्याची थट्टा करायला. बाईंना वाटतं तो आपली गिऱ्हाइकं पळवतो. पहिल्याच आठवड्यात एक सदरा हरवला, त्यावरून तोंडं फिरली ती फिरलीच.

सगळे माझ्याकडे बघत होते. त्या सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. ते हसायचे ते कशाला, ते माझ्या ध्यानात आलं.

मी म्हटलं, "बाण बरोबर आहे. लॉन्ड्री चुकीच्या बाजूला आहे."

मॅडम म्हणाल्या, फेरी अर्धीच झाली असं वाटतंय, मी पुढच्या रविवारी पूर्ण फेरीला येते. पूर्ण हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

घरी आलो तर खुंटीला चिलखत अडकवलेलं. मेहुणा ठेवून गेला होता.

१३ जानेवारी, सोमवार

दुपारी पुढच्या खोलीत जाऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलो. संसाराला इतकी वर्षं झाली, पण त्या स्टुलावर मी कधी बसलो नव्हतो. तिथून माझी कपाटावरची पाटी तिरकी दिसते. सरळ करायला हवी.

मी विचारलं, तू लोकांना काय सांगतेस?

ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत कधी?"

मग म्हणाली, "माप घेताना माणूस हात वर करून उभा असतो. कमरेला टेप असते. तेव्हा कोण काय लपवणार? सगळे सांगतात. मी तेच सांगते, फक्त नावं गाळून." आणि तिने सांगायला सुरुवात केली. टाकीवर चढून बसलेला नवरदेव. त्याला उतरवायला गेलेले माझे सासरे, जे स्वतः वर अडकले आणि दोघं सकाळपर्यंत पत्ते खेळत बसले. बेकरीतले भाऊ, ज्यांच्यापैकी धाकट्याने थोरल्याच्या नावाने सगळी उधारी फेडली आणि थोरला अजून त्याला उधळ्या समजतो. ही माणसं मी रोज बघतो. त्यांच्या पाट्यांची लांबीरुंदी मला पाठ आहे. मी मध्ये एकदाच बोललो, टाकीवरची अक्षरं तेव्हा निळी नव्हती, लाल होती. ती म्हणाली, "लाल तर लाल." आणि पुढे सांगताना लाल म्हणाली.

मग आवाज खाली आणून म्हणाली, "परवा चष्मेवाला पँट घेऊन आला. चांगली बसली पाहिजे म्हणाला. मी विचारलं, कुठे जायचंय? तर म्हणाला, समोर."

मी म्हटलं, समोर म्हणजे लॉन्ड्रीत? मग?

तिने दोरा दाताने तोडला. "मग काय, पुढच्या रविवारी."

१९ जानेवारी, रविवार

छत्री मी घेतली. काठी तिला दिली. म्हटलं, तू पुढे हो. ती म्हणाली, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोक मागे बघणं थांबवतील.

तसंच झालं. शेपटाचं काम मी चोख बजावलं, कुणालाही मागे राहू दिलं नाही. खरं म्हणजे राहायला कुणी तयारच नव्हतं. मॅडम सगळ्यांत पुढे. मेहुणा काळ्या चष्म्याशिवाय. माझ्याजवळ फक्त रोजचा कुत्रा, आणि नवरदेवाच्या गोष्टीला तोही पुढे गेला. मागून तिचा आवाज नीट येत नव्हता, म्हणून मी जरा जरा पुढे सरकत राहिलो. शेपूट पुढे येणं नियमाला धरून नाही, याची मला जाणीव आहे.

बाणापाशी ती थांबली आणि म्हणाली, बाणाची माहिती आमचे हे सांगतील. सगळे वळले. मी छत्री मिटली. रेघ, कोन, एनॅमल सगळं जिभेवर होतं. तेवढ्यात डावीकडच्या चष्म्याच्या दुकानाचं दार उघडलं आणि आतून लॉन्ड्रीवाल्या बाई बाहेर आल्या. डोळ्यांवर नवाकोरा चष्मा. मागे चष्मेवाला, नीट बसलेल्या पँटमध्ये. हिने मला हळूच सांगितलं, मोज्यांचं गाठोडं द्यायला गेला तेव्हा बाई पावतीवरचे आकडे नाकाला लावून वाचत होत्या, तेव्हा तो भांडण थांबवून म्हणाला, आधी डोळे तपासा, मग भांडू.

बाईंनी चष्मा नीट केला. टाकी बघितली. आम्हाला सगळ्यांना बघितलं. मग भिंत बघितली आणि बघतच राहिल्या.

"अगं बाई. हा बाण तिकडे का दाखवतोय?"

इतक्या वर्षांत त्यांना तो कधी दिसलाच नव्हता. हिरवं काहीतरी आहे एवढंच दिसायचं, पेंटर चांगला आहे म्हणतात म्हणून त्या निश्चिंत होत्या. चष्मेवाला भिंतीकडे बघत होता, बाई चष्मेवाल्याकडे, आणि बाकी सगळे माझ्याकडे.

मी म्हटलं, "तुम्हीच सांगितलंत, डावीकडे."

"मी माझ्या डावीकडे म्हणाले हो. भिंतीला पाठ होती माझी."

मी ते चित्र डोळ्यांसमोर आणून पाहिलं. भिंत, बाई, चादरी, समोर मी. जागेवरच एकदा गर्रकन वळून पाहिलं. मग पुन्हा वळून पाहिलं. कुत्र्याला वाटलं मी खेळतोय.

बाई म्हणाल्या, पुसून नीट काढून द्या. तेव्हा निळ्या टोपीच्या आजी बाणापुढे हात पसरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आधी मला पुसा. चष्मेवाला घसा खाकरून म्हणाला, राहू दे, आता सवय झालीय, येणारं गाठोडं रोज संध्याकाळी मीच पोचवत जाईन समोर. बाई लाजल्या का ते मला सांगता येणार नाही, चष्म्यावर ऊन पडलं होतं. मॅडम लिहून घेत होत्या. नकाशात चौथ्या टप्प्याला काय नाव द्यायचं, त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हिरवा बाण. एनॅमल, असंही लिहा.

१ फेब्रुवारी, शनिवार

तटाच्या दरवाजाचा छापील नकाशा वाऱ्याने फाटत असतो, म्हणून कार्यालयाने नवा नकाशा पत्र्यावर हाताने रंगवायचा ठरवला. काम अर्थातच माझ्याकडे आलं. तटाबाहेर मी या वेळी करडा रंग लावलाच नाही. टाकी, न्हावी, बेकरी आणि बाण. आमचं घरही काढलं, चौकटीसकट. मॅडमनी विचारलं, हे कुठलं स्मारक? मी म्हटलं, व्यवस्थेचं कार्यालय.

पलीकडे दुकानाच्या दारात चिलखतातला शिपाई उभा होता. करून आणलेला माल वाया जाऊ नये म्हणून मेहुण्याने स्वतःच घातलंय. शिरस्त्राण नाकापर्यंत येतं, त्यामुळे त्याला फोटो कोण काढतंय ते दिसत नाही, तो आवाजाच्या दिशेने भाला करतो. एकदा आतून घुमल्यासारखं विचारलं, "भाऊजी, अक्षरं सरळ येतायत ना?" मी उत्तर दिलं नाही. कामावर असलेल्या माणसाने बोलायचं नसतं, हा त्याचाच नियम.

शेवटी राहिला तो नकाशाखालचा बाण. 'तटाबाहेरची फेरी इथून.' ही पत्र्याला पाठ लावून, दोन्ही हातांत रंगाचे डबे घेऊन माझ्यासमोर उभी होती. मी विचारलं, कुठे काढू?

"डावीकडे," ती म्हणाली.

मी ब्रश बुडवला, काठी टेकवली, श्वास धरला. मग श्वास सोडला आणि ब्रश खाली घेतला.

"कुणाच्या?"